खान्देशात मोगरा, अनंत, नीलमणीची छाटणी कधी करावी?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जळगावात घरापुढे पाच फुलझाडं आहेत: जमिनीत मोगरा, कुंद, बोगनवेल आणि नीलमणीचा वेल, कुंडीत अनंत. फेब्रुवारीच्या शेवटी माळ्याने सगळी एकाच दिवशी मोठ्या कातरीने गोल कापून दिली. आता एप्रिल लागला तरी मोगऱ्याला नुसती पानं आहेत, अनंताला एक कळी नाही, नीलमणी तर यंदा फुललाच नाही. माळी म्हणतो खत कमी पडलं, शेजारच्या काकू म्हणतात झाडं नर निघाली. चूक नेमकी कुठे झाली आणि यापुढे कातर कधी लावायची, हे तुम्ही विचारलंय.

खताचा दोष नाही, आणि नर-मादीचाही नाही. या पाचही झाडांच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. झालं एवढंच, की अनंत आणि नीलमणीच्या कळ्या कातरीखाली गेल्या, मोगरा आणि बोगनवेलीचा बहर लांबला, आणि कुंदाची छाटणी मात्र नकळत बरोबर वेळेवर झाली. एकाच दिवशी, एकाच कातरीने, एकाच मापात पाच झाडं कापली की असंच होणार. रोपवाटिकेत दर उन्हाळ्यात याच तक्रारी घेऊन लोक येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कातर उचलण्याआधी पहिला प्रश्न विचारायचा: या झाडाला फूल जुन्या काडीवर येतं की नव्या फुटीवर? नीलमणी, अनंत, ‘काल-आज-उद्या’ (ब्रुनफेल्सिया) ही झाडं पावसाळ्यात काडी वाढवतात. दिवाळीपर्यंत ती काडी पक्व होते, थंडीत तिच्या टोकाशी किंवा पानांच्या बेचक्यात कळीचे डोळे तयार होतात, आणि संक्रांतीनंतर ऊन तापू लागलं की ते फुगतात. म्हणजे वसंतात दिसणारं फूल आदल्या पावसाळ्यातच काडीत ठरलेलं असतं. जानेवारी-फेब्रुवारीत शेंडे कापले की वर्षाचा बहर कचऱ्यात जातो, झाड मात्र हिरवंगार दिसत राहतं, त्यामुळे कारण कुणाच्या लक्षात येत नाही. मोगरा, बोगनवेल, जास्वंद, कण्हेर यांचं उलट आहे. यांना फूल ताज्या फुटीच्या शेंड्यावर येतं. फूट जितकी जास्त, तितकी फुलं जास्त. आणि फूट हवी तर कापायलाच हवं.

जुन्या काडीवरचं फूल डोळ्यांनी बघायचं असेल तर होळीच्या सुमाराला रावेरकडच्या पालला किंवा तोरणमाळच्या घाटात जा. सातपुड्याच्या उतारांवर धायटी फुललेली असते. तिच्या कमानीसारख्या वाकलेल्या लांब काड्यांवर, पानांच्या बेचक्यांतून, लाल नळ्यांसारख्या फुलांचे झुबके ओळीने लागलेले दिसतात. काडी तपकिरी, सालीची, गेल्या वर्षीची. (आयुर्वेदातल्या आसव-अरिष्टांत आंबवण्यासाठी घालतात ती धातकीची फुलं हीच.) धायटीला कुणी माळी नाही, कुणी फेब्रुवारीत तिला गोल करत नाही, म्हणून ती दरवर्षी फुलते.

बागेत एखादं झाड असं असेल, की कुठल्या गटातलं तेच माहीत नाही, तर दोऱ्याने पारख करा. दिवाळीत पाच-सहा काड्यांच्या शेंड्याशी, शेवटच्या पानाच्या लगेच खाली, रंगीत दोरा सैल बांधून ठेवा. वसंतात फूल आलं की दोरा शोधा. फूल दोऱ्यापाशी किंवा त्याच्या खाली असेल तर ते जुन्या काडीचं. दोऱ्याच्या पुढे वीतभर नवी हिरवी काडी वाढून तिच्या टोकाला फूल असेल तर ते नव्या फुटीचं. एका वर्षात उत्तर मिळतं आणि ते तुमच्याच मातीतलं, तुमच्याच हवेतलं असतं.

दुसरा प्रश्न खास आपल्या खान्देशाचा आहे, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा: कापल्यानंतरचा महिनाभर हवा कशी असणार आहे? बागेच्या बहुतेक पुस्तकांत एक सरसकट नियम असतो, वसंतात फुलणारं झाड बहर सरला की लगेच छाटा. थंड प्रदेशात ते बरोबर आहे, पुण्यातही एक वेळ चालेल. आपल्याकडे बहर सरतो एप्रिलच्या शेवटी आणि मे महिन्यात. तेव्हा जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर असतो. पानांच्या सावलीत वर्षभर राहिलेल्या फांदीवर त्या दिवसांत थेट ऊन पडलं तर साल भाजते, पश्चिमेच्या बाजूने काळपट होऊन उकलते, आणि त्या चिरेतून बुरशी आणि खोडकिडा दोघांना वाट मिळते. कोवळी फूट निघालीच तर दुपारच्या झळांनी करपते. झाडाने साठवलेलं अन्न त्या फुटीत खर्च होतं आणि हाती काहीच लागत नाही.

म्हणून जुन्या काडीच्या झाडांसाठी माझा ठरलेला नेम असा: बहर सरल्यावर फक्त सुकलेली फुलं आणि तयार झालेल्या शेंगा-बोंडं खुडायची, खरी छाटणी पावसावर सोडायची. मृग ७-८ जूनला लागतो, पण आपल्याकडे खरा पाऊस यायला पुष्कळदा जूनचा तिसरा-चौथा आठवडा उजाडतो. कॅलेंडर बघू नका, दोन चांगले पाऊस पडून जमीन गार झाली की कातर काढा आणि श्रावणात कानबाई (आपल्या खान्देशची देवी) बसायच्या आत हे काम संपवा. मग पुढचा सगळा पावसाळा झाडाला काडी वाढवायला मिळतो, दिवाळीपर्यंत ती पिकते, आणि कळीचा डोळा वेळेवर बसतो. दसऱ्यानंतर या झाडांना हात लावायचा नाही. बंगल्यांची झाडं दिवाळीच्या सफाईत सजवून घेतात, त्यात निम्मी फुलं जातात. वाळलेली, मोडलेली, रोगट फांदी मात्र कधीही काढावी, तिला मुहूर्त नाही.

आता मोगरा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराईसाठी आणि गजऱ्यासाठी घरचा मोगरा हवा असेल तर तयारी डिसेंबरात सुरू होते. जमिनीतल्या झाडाचं पाणी डिसेंबरच्या मध्यापासून तोडायचं. काळी जमीन ओल धरून ठेवते, त्यामुळे ताण बसायला तीन-चार आठवडे लागतात. पानं निस्तेज होतात, खालची पिवळी पडून गळतात, नवी फूट थांबते. हाच ताण. कुंडीत मात्र आठ-दहा दिवस पुरे, नाहीतर झाड मरेल. संक्रांतीच्या आसपास छाटणी करायची. जमिनीपासून गुडघ्याएवढं ठेवून वरचं काढा. वाळकी, एकमेकांवर घासणारी, जमिनीवर लोळणारी काडी मुळापासून काढा आणि उरलेली पानंही खुडून टाका. आळं हलकं खणून दोन-तीन दिवस उन्हं लागू द्या. मग मोठ्या झाडाला दोन पाट्या कुजलेलं शेणखत आणि दोन-तीन मुठी निंबोळी पेंड मिसळून आळं भरा. पहिलं पाणी हलकं, दुसरं भरपूर.

दोन-तीन आठवड्यांत काड्यांवर लालसर-हिरवे कोंब दिसू लागतात. त्या कोंबाचा शेंडा नीट बघा. मोगऱ्याची पानं समोरासमोर जोडीने येतात, आणि शेवटच्या जोडीच्या वर साधारण तीन कळ्यांचा गुच्छ बसतो. त्यातली मधली आधी उमलते. तीनही तोडून झाल्या की तो शेंडा संपला. इथेच बहुतेक जण थांबतात आणि म्हणतात, एकदाच फुलला. त्या संपलेल्या गुच्छाखालच्या पानांच्या एका-दोन जोड्यांसकट शेंडा खुडा. खालच्या जोडीच्या दोन्ही बेचक्यांतून दोन नव्या फुटी निघतात आणि महिना-दीड महिन्यात दोन्हींवर कळ्या लागतात. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत असं खुडत राहिलं तर झाड दोन-तीनदा भरून फुलतं. एवढी शेंडेखुडणी मे महिन्यातही चालते, कारण तिने खोड उघडं पडत नाही. बटमोगऱ्यासारखे भरगच्च पाकळ्यांचे प्रकार मुळात सावकाश वाढतात, त्यांना गुडघ्यापर्यंत कापू नका, फक्त वरचा तिसरा हिस्सा काढा. आणि मोगऱ्याला निदान पाच-सहा तास ऊन हवं. सावलीतला मोगरा लांब काड्या टाकतो आणि पानांवरच थांबतो, त्याला कितीही छाटा.

कळी जांभळट पडून, भोक पडून गळत असेल तर ती कळी पोखरणाऱ्या अळीची करामत. अशा कळ्या रोज सकाळी वेचून नष्ट करा, झाडाखाली पडू देऊ नका. संध्याकाळी निंबोळी तेल, लिटरला ५ मिली आणि जरासं साबणाचं पाणी, आठवड्याच्या अंतराने फवारा. घरच्या दोन-चार झाडांसाठी एवढं पुरतं.

अनंताला मी खान्देशातलं सगळ्यात लाडावलेलं झाड म्हणेन. त्याला आम्लधर्मी माती लागते, आपली काळी माती चुनखडीची आणि अल्कधर्मी. अशा मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या की समजा लोह मिळत नाहीये. तुम्ही तो कुंडीत लावलाय हे फार चांगलं केलं. पण कुंडीत माती कुठली आणि पाणी कुठलं, हे बघा. दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग पानांचं जुनं खत, काळी माती अजिबात नको. पाण्याचं तर विशेष बघा. आपल्याकडची बोअरची पाणी जड असतात, कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो तो त्याच क्षारांचा. त्याहून वाईट म्हणजे आरओ मशीनच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी. वाया जाऊ नये म्हणून घरोघरी ते कुंड्यांना घालतात, पण मशीनने गाळून वेगळे केलेले सगळे क्षार त्यातच असतात. त्याने फरशी पुसा, अनंताला घालू नका. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणीही तसंच, कारण पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी मात्र हवेतल्या बाष्पाचं, जवळजवळ क्षारविरहित असतं, ते बादलीत धरा आणि अनंताला द्या. पावसाळ्यात गच्चीचं पाणी एका ड्रममध्ये साठवलंत तर दिवाळीपर्यंतची सोय झाली.

पानं पिवळी असतील तर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम विरघळवून आणि अर्धं लिंबू पिळून, ऊन उतरल्यावर पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. जास्त कडक केलं तर पानं भाजतात. कळ्या लागूनही न उमलता गळत असतील तर दोष छाटणीचा नसतो. मार्चनंतरचा कोरडा वारा आणि एक दिवस चिंब, दोन दिवस कोरडं असं पाणी, ही दोन कारणं. कुंडी पूर्वेच्या भिंतीला न्या, सकाळचं ऊन आणि दुपारी सावली. छाटणी पाऊस लागल्यावर: फुलून गेलेल्या काड्या टोकापासून वीतभर मागे, पानांच्या जोडीच्या वर. झाड जुनं, मधून पोकळ झालं असेल तर दरवर्षी सगळ्यात जुन्या खोडांपैकी एक तृतीयांश तळातून काढा. तीन वर्षांत सगळं झाड नवं होतं आणि एकही वर्ष फुलांवाचून जात नाही. काल-आज-उद्यालाही हीच रीत, तीच जागा, तीच माती.

नीलमणी त्या मानाने सोशिक. त्याची खरखरीत, पॉलिश पेपरसारखी पानं ऊन सहन करतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये घोस लटकतात त्यातल्या निळ्या चांदण्या म्हणजे फुलाचं निदल, पाकळ्यांच्या बाहेरचं आवरण. आतलं गडद जांभळं फूल लवकर गळतं, निदल बरेच दिवस टिकतं. त्यामुळे बहर प्रत्यक्षात संपल्यावरही वेल फुललेला दिसतो. चांदण्या करड्या पडल्या की घोस काढून टाका, आणि पाऊस पडल्यावर वेल मांडवाच्या मापात आणा. जाड खोडं ठेवा, त्यांच्यावरून फुटलेल्या लांब दोऱ्या दोन-तीन डोळे (पानाच्या बेचक्यातले कोंब) ठेवून कापा. श्रावणानंतर जे लांब कोंब हवेत लोंबतील त्यांना कापू नका, मांडवावर आडवे बांधा. पुढच्या वसंतातले घोस त्यांच्यावरच येणार आहेत.

बोगनवेलीचा खरा बहर आपल्याकडे थंडीपासून मे अखेरपर्यंत, आणि ती जितकी तहानलेली तितकी रंगीत. तिला दोन छाटण्या द्या. पाऊस लागला की जोरदार, सप्टेंबरच्या शेवटी हलकी. त्यानंतर पाणी हात राखून. रोज पाणी मिळणारी बोगनवेल पानं आणि काटे वाढवते. कुंदाचा बहर थंडीतला, महाशिवरात्रीपर्यंत सरतो, म्हणून त्याची छाटणी फेब्रुवारी अखेरीस. उन्हाळा कडक होण्याआधी नवी पानं येऊन खोड झाकलं जातं. जास्वंदीला फेब्रुवारीत तिसरा हिस्सा कमी करा, आणि कापताना बेचक्यांत पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर ती काडी पिशवीत घालूनच बाहेर न्या. कामिनीची कुंपणासारखी सतत छाट केली तर फुलं विसरा. तिला पाण्याचा ताण आणि मग भरपूर पाणी मिळालं की आठवड्या-दोन आठवड्यांत सगळं झाड पांढरं होतं. चाफ्याला छाटणीची गरजच नसते. कण्हेर पाऊस लागल्यावर छाटा, पण तिची पानं, काड्या, चीक सगळं विषारी आहे. छाटलेला पाला शेळ्या-गुरांच्या तोंडी लागेल असा टाकू नका आणि शेकोटीतही जाळू नका, धूरही बाधतो.

कापायचं कसं, हेही सांगायला हवं. मोठी दोन हातांची कातर कुंपणासाठी ठीक, फुलझाडाला नाही. ती सगळे शेंडे एका रेषेत छाटते, वर पानांची गादी तयार होते, आत ऊन-वारा जात नाही आणि फूल फक्त झाडाच्या बाहेरच्या थरावर येतं. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत वापरतात तो चांगला सिकेटर घ्या, पाती एकमेकींना घासून जाणारा. काडी चेचली जाता कामा नये. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधा आणि त्याच्या पाव इंच वर किंचित तिरका काप घ्या. जास्त वर कापलं तर उरलेलं खुंट वाळत खाली येतं, अगदी चिकटून कापलं तर डोळा सुकतो. झाडामागे सिकेटरची पाती स्पिरिटने पुसा. अंगठ्यापेक्षा जाड कापाला बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना वेगवेगळे भिजवून, एकत्र करून, सगळं मिळून एक लिटर. भांडं प्लास्टिकचं घ्या, लोखंडाचं नको.

काळ्या जमिनीबद्दल एकच सांगतो, कारण पावसाळ्यात तुम्ही आणखी झाडं लावाल. खोल खड्डा खणून तो भुसभुशीत खतमातीने भरायचा, ही रीत आपल्या भारी जमिनीत उलटते. भोवतीची चिकण माती पाणी सोडत नाही, खड्ड्याची विहीर होते आणि मोगऱ्याची मुळं ऑगस्टमध्ये सडतात. त्यापेक्षा फूटभर उंच वरंबा करा, जागच्या मातीतच एक तृतीयांश शेणखत मिसळा आणि त्यावर लावा. उन्हाळ्यात हीच जमीन भेगाळून मुळं तोडते, म्हणून बुडाशी तीन-चार इंच आच्छादन हवंच. यावल-रावेर पट्ट्यात कुणी ओळखीचं असेल तर घड काढल्यावर उरलेले केळीचे खांब मागून घ्या. वीत-वीत लांबीचे तुकडे उभे चिरून आळ्यात पालथे मांडले की खालची माती भर मे महिन्यातही ओलसर राहते. खोडाला मात्र चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा.

आता तुमच्या पाच झाडांचं. जूनपर्यंत कशालाही मोठी छाटणी नाही आणि युरिया तर मुळीच नाही. या उन्हात त्याने नुसती कोवळी पानं येतील आणि करपतील. सगळ्यांना आच्छादन करा. जमिनीतल्या झाडांना तीन-चार दिवसांनी सकाळी लवकर भरपूर पाणी, कुंडीला रोज. बोगनवेलीला आठवड्यातून एकदाच. मोगऱ्याच्या फुटी आता वीतभर झाल्या असतील, ऊन नीट मिळत असेल तर एप्रिलच्या शेवटी कळ्या दिसू लागतील. नुसत्या पानांनी वाढत सुटलेले लांब शेंडे असतील तेवढे दोन पानं मागे खुडा. बोगनवेलीलाही महिनाभरात रंग चढेल. माळ्याने कापल्यामुळे नीलमणीची जाड खोडं पश्चिमेला उघडी पडली असतील तर त्यांना चुन्याचा हात द्या किंवा गोणपाट गुंडाळा. अनंत आणि नीलमणीची फुलं मात्र आता पुढच्या वसंतात. जूनच्या पावसानंतर या दोघांना फक्त वाळकी आणि आत वळलेली काडी काढण्यापुरतीच कातर लावा, कारण यंदाची छाटणी त्यांची होऊन गेली आहे, आणि दसऱ्याच्या सफाईला माळी आला की त्याला या दोन झाडांपासून लांब ठेवा.